बिनवाद्यांची खडखड मंडळी

आमच्या दादाबद्दल लोक हल्ली काहीही बोलतात. परवा एक बाई मला म्हणाल्या, "तुमच्या घरात गाणं रक्तातच असणार." मी म्हटलं, "बाई, आमच्या घरात रक्तात असलंच तर डिझेल आहे." आमचे वडील आयुष्यात एकदाच गायले, तेही आंघोळ करताना, आणि आईने बाहेरून कडी वाजवून विचारलं, "पडलात की काय?" त्यानंतर त्यांनी पुन्हा तोंड उघडलं नाही. तेव्हा दादा जे काही झाला ते स्वतःच्या कर्तृत्वाने झाला, आणि ते मी सांगते तसंच झालं. बाकीच्या गोष्टी लोकांनी हॉलच्या बाहेर चहा पिता पिता रचल्या आहेत.

दादा बस डेपोच्या वर्कशॉपात तक्रार खिडकीवर बसतो. खिडकी म्हणजे भिंतीतलं एक चौकोनी भोक, आत एक टेबल, एक जाडजूड वही, आणि टेबलामागे दादा, चष्मा कपाळावर चढवलेला. ड्रायव्हर पाळी संपवून येतो, खिडकीत डोकं घालतो आणि म्हणतो, "दादा, आवाज येतोय."

"कसला?"

"असा… काहीतरी वेगळाच."

"वेगळाच म्हणून मी वहीत काय लिहू? करून दाखव."

मग तो गडी इकडेतिकडे बघतो, लाजतो, आणि बारीक आवाजात "घर्र" करतो.

"घर्र की घुर्र? मध्ये थांबतोय की सलग? गिअर टाकल्यावर की आधी? अरे तोंड उघड ना, बायकोशी भांडताना बरा उघडतोस!"

ड्रायव्हर घर्र करणार, दादा तो आवाज त्याला परत करून दाखवणार, ड्रायव्हर मान हलवणार, "थोडा आणखी घशातून, दादा." असं दोन-तीनदा झालं, की ड्रायव्हर एकदम टेबलावर हात आपटून म्हणायचा, "हाच! हाच तो!" मग दादा वहीत लिहायचा: "घुर्रर्र-टक, घुर्रर्र-टक, चढावर जास्त." दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिक ती वही घेऊन बोनेटपाशी उभा राहून मोठ्याने वाचायचा, आणि गाडी चालू करून दोन्ही आवाज जुळतात का ते बघायचा. आमच्या डेपोत पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चालत आलंय, कुणाला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. बाहेरचा माणूस पहिल्यांदा आला की मात्र त्याला वाटायचं, वेड्यांच्या इस्पितळात आलो की काय.

दादा माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. मी त्याच डेपोत सुट्या भागांच्या स्टोअरमध्ये आहे. त्यानेच मला चिकटवलं, आणि त्याची आठवण तो मला अजून करून देतो, म्हणून मीही त्याला सरळ बोलत नाही.

मंडळी सुरू झाली ती एका बसमुळे. एके दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत एक जुनी बस आली. तिला एकाच वेळी इतकी दुखणी होती, की ड्रायव्हरला एका तोंडाने ती करून दाखवता येईनात. तो इंजिन करायला गेला की वायपर राहायचा, वायपर केला की दाराचा करकरणारा आवाज राहायचा. दादा वैतागला. समोरून आमचा बॅटरीवाला चालला होता. बॅटरीवाला म्हणजे बॅटऱ्या भरणारा; सगळे त्याला बॅटरीच म्हणतात. अंगाने इतका किडकिडीत, की कुणी शिंकलं तर उडून जाईल, पण आवाज असा खालचा, की तो बोलला की स्टोअरमधल्या पत्र्याच्या फळ्या हलायच्या. दादाने त्याला पकडलं, "तू इंजिन कर." शिवणखात्यातल्या मावशी सीटची कव्हरं खांद्यावर टाकून येत होत्या. मावशी म्हणजे भरभक्कम बाई, दारातून आडव्या यायच्या, आणि आवाज मात्र चांदीच्या घंटीसारखा. "मावशी, तुम्ही दार करा." मला म्हणाला, "तू वायपर." स्वतः त्याने गिअरबॉक्स घेतला. ड्रायव्हर मध्ये उभा राहून "तू थोडं उशिरा, तू लवकर" असं सांगायला लागला, आणि पाच मिनिटांत ती बस आमच्या तोंडून चालू झाली. चालू झाली म्हणजे कशी, खालच्या खड्ड्यात गाडीखाली झोपलेला मेकॅनिक ओरडत बाहेर आला, "अरे हँडब्रेक लावा, कुणाची गाडी सुटली!"

सगळं वर्कशॉप पोट धरून हसलं. दादा हसला नाही. तो विचार करत होता. मला त्याचा तो चेहरा लहानपणापासून माहीत आहे, तो चेहरा झाला की आपली काही धडगत नसते.

पुढच्या महिन्यात फोरमनचा निरोपसमारंभ होता. दादाने आम्हाला तिघांना धुलाईच्या जागेपलीकडे उभ्या असलेल्या एका रिकाम्या बसमध्ये नेलं. तिच्या सीटा कव्हरं बदलायला काढलेल्या होत्या. आत आवाज फार गोड घुमायचा. तिथे त्याने पहिलं गाणं बसवलं. शब्द त्याचेच. मावशी प्रियकर बनून गायच्या, अगदी गळ्यात जीव आणून:

"चल ना सखे, दूर दूर जाऊ,
वाऱ्यावरती गाणी गाऊ…"

आणि खालून बॅटरी: "खॅक… खॅक… खॅक… फुस्स्." गाडी चालू होत नाही. मावशी पुन्हा, जरा कमी उत्साहाने: "चल ना सखे, जवळच जाऊ…" खॅक, खॅक, फुस्स्. मी सखी, मी मध्ये मध्ये नुसती उसासे टाकायची आणि वायपर चालवायची. आणि शेवटी चौघं मिळून, एकदम गंभीर, देवळात उभं राहिल्यासारखे:

"चल ना सखे, इथेच राहू,
मेकॅनिकची वाट पाहू."

फोरमन हसता हसता खुर्चीवरून घसरला. निरोपाचं भाषण राहूनच गेलं.

आता हे गाणं म्हणून दाखवणं काही कठीण नाही, असं कुणालाही वाटेल. करून बघा. हाताशी पेटी नाही, तबला नाही, काही नाही. सुरुवातीला दादा हळूच एक सूर गुणगुणायचा, तो आम्ही तिघं घ्यायचो, आणि तिथून पुढे एकमेकांना धरूनच चालायचं. एकाचा पाय घसरला की चौघं आपटले. बॅटरी एकदा म्हणाला, "दादा, एखादी छोटी पेटी ठेवू या का सूर द्यायला?" दादा म्हणाला, "पेटी आणली की आपण गायक झालो. मग लोक कान टवकारून चुका शोधत बसतील. आपण गाडी आहोत." तेव्हापासून सूर द्यायचा तो दादानेच, हे ठरून गेलं. आणि हसायचं नाही, हा दुसरा नियम. तालमीत बॅटरीला हसू फुटलं की दादा त्याला बसच्या मागच्या काचेकडे तोंड करून उभं करायचा. "हसायचं त्यांनी. आपली गाडी बंद पडलीय, आपल्याला कामावर पोचायचंय. त्यात हसण्यासारखं काय आहे?" चाळिशीचा तो बॅटरीवाला निमूटपणे काचेकडे तोंड करून उभा राहायचा, आणि त्याचे खांदे गदगदा हलत असायचे.

त्या निरोपसमारंभानंतर दुसऱ्या डेपोने बोलावलं. मग एका शाळेने, मग इस्पितळाच्या वार्षिक कार्यक्रमाने. नाव 'खडखड मंडळी' हे कुणीतरी फळ्यावर खडूने चेष्टेने लिहिलं होतं, तेच चिकटलं. गाणी वाढली. एका गाण्यात ऑफिसातलं छपाईचं यंत्र कागद खाऊन टाकायचं आणि मावशी त्याची समजूत काढायच्या, एका गाण्यात लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकायची आणि आत चार अनोळखी माणसं एकमेकांकडे न बघता गायची. रेडिओवर पंधरा मिनिटं मिळाली. माती खाल्ली नाही असंही नाही. एकदा कुठल्याशा मोठ्या संस्थेत आम्हाला उभं केलं, समोर सगळे कोटवाले, एक माणूस हसेना. बारा मिनिटं! मला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं. परतताना मी त्या लोकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तर दादा म्हणाला, "गाडी आपली बंद पडली. प्रवाशांवर कशाला ओरडतेस?" आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं गाणं नव्याने बसवायला घेतलं. असा माणूस. त्याच्यावर चिडताही येत नाही, आणि मला तर चिडल्याशिवाय जेवण जात नाही.

मग दोन वर्षांपूर्वी वहिनी मला म्हणाली, "तुझ्या भावाला हल्ली दोन-दोनदा हाक मारावी लागते." दादा म्हणाला, "वीस वर्षं संसार झाला की सगळ्याच नवऱ्यांचं असं होतं." आम्ही हसलो. पण मी खिडकीपाशी लक्ष ठेवायला लागले. ड्रायव्हर आवाज काढायचा तेव्हा दादा त्याच्या ओठांकडे बघायचा. आधी कधीच बघत नसे. आधी तो डोळे मिटून ऐकायचा.

मी त्याला ओढत कानाच्या डॉक्टरकडे नेलं. वहिनीला सांगितलं, दात दाखवायला जातोय. तिथे एका काचेच्या खोलीत त्याला बसवलं, कानांवर ते मोठे गोळे चढवले, हातात बटण दिलं, आणि सांगितलं, आवाज आला की बटण दाबा. बाहेर मी त्या तपासणाऱ्या मुलीच्या मागे उभी. ती एकेक आवाज सोडतेय, तिच्या समोरच्या पडद्यावर दिसतंय मला. आणि आत दादा बटण हातात धरून शांत बसलेला. बऱ्याच वेळाने त्याने दार उघडलं आणि अगदी आपुलकीने तिला म्हणाला, "ताई, तुमचं मशीन बिघडलंय. आवाजच येत नाही. वायर ढिली असेल, मी बघू का?"

ती मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघायला लागले. मला त्या क्षणी जे वाटलं ते मला शब्दांत सांगता येत नाही, आणि मी सांगणारही नाही.

डॉक्टर म्हणाले, उजवा कान जवळपास गेलाय, डावा निम्मा आहे आणि तोही जाणार. तीस वर्षं इंजिनांच्या शेजारी बसल्यावर दुसरं काय होणार? पुढे म्हणाले, नुसतं कमी ऐकू येतं असं नाही, उरलेला कान आवाज जसा आहे तसा पोचवतही नाही. सूर वरचा की खालचा, यात त्यांची गफलत होईल. यंत्र लावा, बोलणं कळेल. गाण्याची खात्री नाही.

रस्त्यावर आल्यावर दादा म्हणाला, "मंडळीत कुणाला सांगायचं नाही. आणि ते यंत्रही नको, सगळ्यांना दिसेल."

"अरे पण दादा…"

"सूर मी देतो म्हणून मंडळी आहे. माझ्याकडे दुसरं काय आहे? मावशींकडे गळा आहे, बॅटरीकडे खर्ज आहे, तू बरी आहेस."

"बरी?"

"बरी आहेस. आणि मी सूर देतो. तो गेला तर मी नुसता यांच्यासोबत उभा राहणारा माणूस. त्यांना कळलं तर ते मला काढणार नाहीत गं. कडेला ठेवतील. माझी काळजी घेतील." हे शेवटचं त्याने असं म्हटलं, की जणू कुणी त्याला मारणार आहे.

मी वचन दिलं. आणि एक युक्तीही काढली. मी त्याच्या डाव्या बाजूला, चांगल्या कानाकडे उभी राहणार. तो आधी अगदी बारीक गुणगुणेल. सूर नेहमीपेक्षा वर गेला असेल तर मी त्याचं मनगट एकदा दाबेन, म्हणजे खाली ये. खाली गेला असेल तर दोनदा दाबेन, म्हणजे वर जा. प्रेक्षकांना काही दिसायचं नाही. वर्षभर आम्ही असं चालवलं. मला काही फार मोठा कान लागून गेलेला नाही, पण नेहमीची पट्टी मला कळते. कधीकधी मी 'खाली' म्हणून दाबायचे आणि तो आणखीच वर जायचा. मी मनात म्हणायचे, दुखणंच तसं आहे, त्याचा काय दोष! तरी गाणं निभावायचं. मावशी आणि बॅटरी, तो देईल तो सूर बिनबोभाट घ्यायचे. त्यांच्या काही लक्षातच येत नाही, असं मला वाटायचं. मी स्वतःला फार हुशार समजत होते.

मग आला मोठ्या हॉलचा कार्यक्रम. रविवारची दुपार, गावातला सगळ्यात मोठा हॉल, वरच्या गॅलरीपर्यंत माणसं. पूर्वी ज्यांच्या गाण्याला आम्ही तिकीट काढून गेलो होतो, तसले लोक आमच्या आधी गाऊन गेले होते आणि त्यांचा काळा पियानो अजून स्टेजवरच होता. पडद्यामागे एक माणूस वही घेऊन धावपळ करत होता. पडदा वर जायच्या अर्ध्या मिनिटाआधी तो आला आणि म्हणाला, "या बाई उंच आहेत, त्या इकडे. तुम्ही त्या टोकाला." मला त्याने उचलून दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं, बॅटरीच्या पलीकडे. दादाच्या डाव्या बाजूला मावशी आल्या.

मी म्हटलं, "अहो, आमची जागा ठरलेली असते."

"माइक त्याप्रमाणे लावलेत, बाई."

"मग माइक हलवा!"

पडदा वर गेला. समोर हजार माणसं. दादाने मान किंचित वळवून मला शोधलं. मी दिसले, पण माझा हात त्याच्यापर्यंत पोचणार कसा? मी नुसती मान हलवत राहिले, आणि त्याने त्यातून काय समजायचं ते समजून घेतलं. त्याने सूर दिला.

अरे देवा, काय तो सूर! नेहमीच्या जागेच्या कुठेच्या कुठे वर. त्या पट्टीत गायचं तर मांजरीनेच गावं. मला वाटलं, संपलं; आता मावशी घुटमळणार, बॅटरी थांबणार, आणि दादाला सगळं कळणार, तेही एवढ्या लोकांसमोर.

मावशींनी पापणीही न हलवता तो सूर घेतला. "चल ना सखे, दूर दूर जाऊ…" त्या पट्टीत ते दूरचं गाव चंद्रावर असल्यासारखं वाटत होतं. आणि बॅटरी! ज्या माणसाच्या आवाजाने पत्रे हलतात तो माणूस गळ्याच्या शिरा ताणून "खिक… खिक… खिक… फिस्स्" करायला लागला. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ पुढच्या क्षणी गुडघ्यांत डोकं घालून बसले. हसण्याची लाट मागे मागे गेली आणि गॅलरीवर आदळून परत आली. मावशींनी दुसऱ्या कडव्याआधी मान वर केली आणि शांतपणे विचारलं, "अहो, आपली बस ढगात चालली आहे का?" हे गाण्यात नव्हतं. बॅटरी म्हणाला, "खिक." हॉल कोसळायचा बाकी होता. आमच्या आयुष्यात आम्हाला इतकं कुणी हसलं नव्हतं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि दादाही खाली वाकून नमस्कार करत होता. त्याला वाटत होतं, सगळं बरोबर झालं.

तेवढ्यात निवेदक स्टेजवर आला. माणूस वाईट नव्हता, उत्साही होता. स्वतः वाजवणारा. तो सरळ पियानोपाशी बसला आणि माइकवरून म्हणाला, "मंडळी, हा माणूस कुठल्याही वाद्याशिवाय हवेतून सूर काढतो! चला, आपण त्याचा अचूकपणा बघू. दादा, तुम्ही आत्ताचाच सूर पुन्हा द्या, मी पियानोवर वाजवतो. केसभरही फरक पडणार नाही, बघा!"

दादाने माझ्याकडे पाहिलं. निवेदक काय बोलला ते त्याला ऐकूच गेलं नव्हतं. मी तोंडाने आकार करून सांगितलं: सूर. दुसरं काय सांगणार होते मी? त्याने सूर दिला. पहिल्यापेक्षा पार वेगळा, खालचा, अगदी खालचा. निवेदकाने आधीचा सूर वाजवला. दोन आवाज असे शेजारी उभे राहिले, की बहिऱ्यालाही कळावं. कळलं नाही ते फक्त दादाला. हॉलमध्ये कुणीतरी हसलं, पण ते हसणं मघाचं नव्हतं. निवेदक गोंधळला. "दादा, हा नाही हो. पुन्हा."

दादाने लोकांचे चेहरे पाहिले. ओठ वाचणारा माणूस तो. चेहरे वाचायला त्याला किती वेळ लागणार? त्याचा चेहरा पांढरा झाला. मी जागा सोडून धावणारच होते.

माझ्याआधी बॅटरी हलला. तो चालत पियानोपाशी गेला, वाकला, लाकडाला कान लावला, निवेदकाच्या बोटाखालचीच पट्टी आपल्या बोटाने दोनदा वाजवली, आणि माइकमध्ये, त्या पत्रे हलवणाऱ्या आवाजात म्हणाला, "पियानो बिघडलाय. डेपोत पाठवून द्या."

मग हॉल फुटला. मावशी तेवढ्यात दादाने दिलेल्या खालच्या सुरावर "चल ना सखे" म्हणायला लागल्या, बॅटरीने त्याच सुरावर इंजिन सुरू केलं, मीही घेतला, आणि त्या गडबडीत पडदा पडला.

आत, कपडे बदलायच्या खोलीत, दादा स्टुलावर बसला. मग म्हणाला, "मला ऐकू येत नाही. दीड वर्ष झालं. सूर चुकतो माझा. तुम्हाला सांगायला हवं होतं."

मावशी केसांतल्या पिना काढत होत्या. त्या म्हणाल्या, "माहीत आहे रे."

"काय माहीत आहे?"

"इस्पितळातल्या दुसऱ्या कार्यक्रमापासून. तू सूर दिलास तो दोन पायऱ्या खाली होता. मी बॅटरीकडे पाहिलं, याने माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, हा देतोय तर हाच घ्यायचा. आपल्याकडे पेटी कुठे आहे तो चूक ठरवायला?"

"तेव्हापासून तुम्ही देता तोच घेतो आम्ही," बॅटरी म्हणाला. "चार दिवस वर, चार दिवस खाली. गळ्याला व्यायाम होतो. फक्त आज जरा फार झाला, दादा. मला घरी जाऊन गरम पाणी प्यावं लागेल."

मी भडकले. "आणि मी? वर्षभर मी त्याचं मनगट दाबून दाबून सुधारत होते ते?"

दादाने मान वर केली. "एकदा म्हणजे वर ना?"

"एकदा म्हणजे खाली!"

"मला वाटलं, एकदा म्हणजे वर."

मावशी इतक्या हसल्या, की त्यांना भिंत धरावी लागली. बॅटरी तर जमिनीवरच बसला. वर्षभर मी माझ्या सख्ख्या भावाला उलट्या दिशेला ढकलत होते, आणि ही दोघं मुकाट्याने मागे मागे येत होती. मला हसूही येत होतं आणि कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशीही वाटत होती.

दादा हसला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तो पुसतही नव्हता. "मला सांगायचं होतंत," तो म्हणाला. "मी रोज भीत होतो."

"सांगितलं असतं तर तू सूर देणं थांबवलं असतंस," मावशी म्हणाल्या. "आणि मग कुणी दिला असता? बॅटरीने?"

"दादा, तुम्ही आम्हाला पस्तिसाव्या, चाळिसाव्या वर्षी धरून गायला लावलंत," बॅटरी म्हणाला. त्याला लांब बोलायची सवय नाही, तो थांबत थांबत बोलत होता. "मी बॅटऱ्या भरणारा माणूस. दुसऱ्या कुणी गायला सांगितलं असतं, तर पळून गेलो असतो. तुम्ही काढलेला सूर मी घेतला नाही तर मग कुणाचा घेऊ?"

दार वाजलं. मघाचाच वहीवाला. "लोक उठत नाहीयेत. आणखी एक गाणं हवंय. पियानो मी बाजूला नेतो."

दादाने तोंड धुतलं. शर्ट सारखा केला. वहीवाला दाराशी उभा राहून आम्हाला सांगत होता, कुणी कुठे उभं राहायचं, बाई या टोकाला, बाई त्या टोकाला. मी त्याला म्हटलं, "गप्प बस," आणि बाहेर गेल्यावर दादाच्या उजव्या बाजूला उभी राहिले, जिथून त्याला माझा आवाज येतच नाही. हात पाठीमागे बांधले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग समोर पाहिलं, आणि सूर दिला. आम्ही तो घेतला.